पुस्तकातले तास

पायरीची किंमत तीनशे दहा डॉलर.
ती बसवायची मजुरी चारशे तीस.
आउने राउतिओनं कागद चष्म्याजवळ आणला, मग हातभर लांब धरला;
आकडा दोन्ही अंतरांवर तेवढाच राहिला.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
थंडर बेमध्ये नोव्हेंबरात मसाला जरा महागच.

"गाडी घेतानाच सांगितलं असतंत," काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
"तर हप्त्यात जिरून गेलं असतं. कळलंही नसतं."
सप्टेंबरात माझा गुडघा बरा होता,
असं ती म्हणणार होती.
पण फॉर्मवर गुडघ्याला रकाना नव्हता.

"अडीच तास. ताशी एकशे बहात्तर."
"खरंच लागतात?"
"पुस्तकात तसं आहे."
पुस्तक कुठे आहे, तिनं विचारलं नाही.
चर्चमध्येही तिनं कधी विचारलं नव्हतं.

काचेपलीकडे तिची गाडी
आणि गाडीखाली वेंडेल पेल्टिए, फक्त बुटांपुरता दिसणारा.
ती घड्याळ बघत नव्हती. तिला गरज नव्हती.
बोल्ट आवळला जाताना बंदुकीचा आवाज चढत जातो,
आणि वरच्या पट्टीत पोचला की कट्.
एका बाजूला सहा कट्, दुसऱ्या बाजूला सहा.
बारावा वाजला तेव्हा मशीनमधली कॉफी
अजून पिण्याइतकी गरम होती.

मग शांतता.
वेंडेल बाहेर आला. फडक्यानं पायरी पुसली.
तीच पायरी पुन्हा पुसली.
उकडलेलं अंडं खाल्लं, टरफलं खिशात ठेवली,
वाकला, एका बोल्टवर बोट वाजवून बघितलं,
मान तिरपी करून.

ती मान आउनेच्या ओळखीची निघाली.

चौतीस वर्षं तिनं या गावातले पियानो लावले.
सुरुवातीला तीन तास लागायचे,
पुढे पन्नास मिनिटांत व्हायचं,
आणि पन्नास मिनिटांत झालं की लोकांचे चेहरे पडायचे,
फसवल्यासारखे.
म्हणून मग ती बसून राहायची,
खालचा एकच सूर पुन्हा पुन्हा दाबायची,
मान तिरपी करून ऐकल्यासारखं करायची.
हॅलोनेनांच्या घरी टेबलाखाली बसलेला नातू एकदा म्हणाला,
"हे तर मघाशीच झालंय."
आजी स्वयंपाकघरात होती. ऐकलं नसावं.
आउने कानापर्यंत लाल झाली होती
आणि तिनं पैसे पूर्ण घेतले होते.

वेंडेलनं वर बघितलं.
काचेला नाक लावून एक म्हातारी.
त्यानं घाईनं पाना उचलला
आणि घट्ट बोल्ट आणखी पाव फेरा घट्ट केला,
तिच्यासाठी.

किल्ली घेताना तिनं त्याला विचारलं,
"एकशे बहात्तरातले तुला किती?"
"एकतीस," तो म्हणाला, काउंटरकडे न बघता.
तिनं हिशोब केला नाही असं नाही.
तिचे खोटे दोन तास निदान तिच्याच पर्समध्ये पडायचे;
याचे कुठे पडतात?
मागच्या भिंतीवर महिन्याच्या विक्रेत्याचा फोटो होता,
दात फार छान.

कार्ड चाललं. पायरीनं गुडघा उचलला,
हे मान्य करायलाच हवं.

सरोवराकडे वळल्यावर साठच्या वेगाला
डावी पायरी गुणगुणायला लागली.
वारा शिरत होता कुठूनतरी, बहुधा त्या पाव फेऱ्यातून.
सूर किंचित उतरलेला.
हे दुरुस्त करायला पुस्तकात किती तास लिहिलेत
ते तिला जाणून घ्यायचं नव्हतं.
तिनं पाय दाबला. पासष्ट. सत्तर.
त्र्याहत्तरला तो बरोबर जागेवर आला.
तिथेच धरून ठेवला तिनं,
घराचं वळण मागे गेलं तरी.