दुसरा आकडा

आजवर कायदा बोटीतून यायचा,
तांदळाच्या पोत्यांबरोबर, महिन्या-दीड महिन्याने,
कधीकधी कोपऱ्यात भिजलेला.
यंदा ठरलं, मोतुरावाचे कायदे मोतुरावातच होतील.
आणि मत नुसतं द्यायचं नाही,
चौघांनाही क्रम लावायचा.

तेइना मास्तरने शाळेत आधी माशांची निवडणूक घेतली.
तो स्वतःही उभा होता, पण त्या दुपारी फक्त मासे.
फळ्यावर टूना, उडता मासा, पोपटमासा, ईल.
"हवा त्याला एक.
तो नाहीच मिळाला तर कोण चालेल? त्याला दोन."
ईलला एक कुणीच दिला नाही.
दोन मात्र बऱ्याच जणांनी दिला,
शेजाऱ्याच्या कागदाकडे न बघता.
म्हातारी वाइने उठली, म्हणाली,
"एकाला एक म्हटलं होतं मी, तो बुडाला.
दोन लिहायला हात कसा उचलू?"
वर्ग हसला. ती हसली नाही.
सरावाची पत्रिका तिने घडी करून घरी नेली.

मतमोजणी शाळेतच, जनरेटरच्या उजेडात.
मी टपाल कचेरीतला, आकडे माझ्या सवयीचे,
म्हणून टेबलाशी मला बसवलेलं.
दोनशे बारा पत्रिका.
दुकानवाली मेतुआकोरे अठ्ठ्याऐंशी,
पापातुआ एकोणऐंशी,
नूरोआ एकतीस,
आणि मास्तर चौदा.
मास्तर पहिला बाद झाला.
उठून त्याने पंखा आमच्याकडे वळवला,
कागद उडाले, मग परत फिरवला.
त्याचे चौदा तिन्हीकडे वाटले.
कुणालाच पुरले नाहीत.

मग नूरोआ.
पस्तीस पत्रिकांचा त्याचा गठ्ठा,
रबर मी काढलं आणि ते तुटलं.
नूरोआ खिडकीबाहेर उभा, पाठ आमच्याकडे,
त्या पाठीचं ऐकणं सगळ्यांना दिसत होतं.

त्याचं आणि पापातुआचं बोलणं बंद, एकोणीस वर्षं.
एक जाळं फाटलं होतं खडकांच्या वाटेत.
नांगर पापातुआचा होता,
पण जाळं तिथे असायलाच नको होतं,
की नांगरच तिथे टाकायला नको होता.
बेटाने दोन्ही बाजू पाठ केल्या आहेत.
त्यांच्या बायका देवळात
एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात.

पहिली पत्रिका उघडली: दोन, पापातुआ.
पुढची: दोन, पापातुआ.
मग एक मेतुआकोरे. मग पुन्हा तोच.
बाहेरची पाठ जराशी सरळ झाली,
रागाने की कशाने, मला कळलं नाही.
नूरोआची माणसं, नूरोआचे भाचे,
आणि दोनसाठी हात गेला कुठे, तर तिथे.

विसाव्याच्या आसपास ती पत्रिका आली.
त्यातला दोन खाली गाठ मारल्यासारखा,
गळ बांधताना मारतात तशी.
हा दोन मी रोज बघतो,
धक्क्यावर, तराजूच्या पाटीवर, खडूने.
तो ज्या नावासमोर होता
ते मी मोठ्याने वाचलं,
आवाज जसाच्या तसा ठेवून,
आणि पत्रिका ढिगाऱ्यावर पालथी ठेवली.

बावीस गेले पापातुआकडे, नऊ दुकानवालीकडे.
चौघांनी एकच लिहून पुढे काही लिहिलंच नव्हतं.
त्यांना कोणी दुसरं चालत नव्हतं.
तेही मी मोजलं, वेगळं ठेवलं.
एकशे सात, एकशे एक.
मेतुआकोरेने पाकिटातून बिस्किटं काढून सगळ्यांना वाटली,
पापातुआलाही, दोन.

सकाळी धक्क्यावर गेलो.
नूरोआने टूना तोलला, पाटीवर दोन किलो लिहिलं,
खाली ती गाठ.
"निवडून आला चोर," तो म्हणाला,
समुद्राकडे बघत.
मी पैसे मोजून दिले.
मासा ताजा होता.