सातवी ब, दुसरी रांग

त्रेचाळीस हिरवे स्वेटर आणि एक निळा.
कोरेगाव स्टँडमागं माझं दुकान.
फडतरे बाई काउंटरवर बोट ठेवून म्हणाल्या,
तेवढं एक हिरवं करून घ्या हो,
संस्थेच्या ऑफिसात लावायचाय फोटो.
डावीकडून पाचवी, शार्वी बर्गे.
हसलेली नाही. कॅमेऱ्याकडं बघतेय
सुटे पैसे मागणाऱ्या कंडक्टरकडं बघावं तशी.

तेवढं एक म्हणजे किती, ते मलाच माहीत.

आधी ब्रशनं सरळ हिरवा ओतला.
पोर दिसायला लागली
प्लॅस्टिकची बादली उपडी घातल्यागत.
पुसला.
मग रंगाची पट्टी सरकवली निळ्याकडनं हिरव्याकडं,
तर आला शेवाळाचा हिरवा, बंद विहिरीतला.
निळा मुळात गडद होता.
रंग बदलला तरी त्याचा अंधार बदलत नाही,
तो वेगळा उचलावा लागतो.

शेजारच्या जगतापाच्या पोराकडनं नमुने घेतले:
उन्हातला खांदा, छाती, काखेतली घडी.
एकच कापड, एकच दुकान,
आणि तीन हिरवे, एकमेकांची ओळख नसलेले.
ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी बसवलं.
वेणीतले सुटे केस एकेक करून वाचवले.
नऊ वाजले. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

तरी कायतरी खोटं होतं.
चारशे टक्के मोठं करून बघितलं.
हनुवटीखाली निळं.
जगतापाच्या पांढऱ्या कॉलरवर निळं, नखाएवढं.
स्वेटरनं आपला रंग शेजारीपाजारी ठेवायला दिला होता
आणि मी झडती घेतली फक्त त्याच्या घराची.
तेही काढलं.
एक मात्र निघेना, विणकाम.
बाकीचे सगळे मशीनचे, सपाट.
हिच्या छातीवर सुलट-उलट टाक्यांच्या दोन वेण्या,
त्यातल्या एकीत एक टाका चुकलेला.
हिरव्यातही तो चुकलेलाच राहिला.

बाईंना दिसला नाही.
रंग अगदी बरोब्बर, म्हणाल्या, पावती द्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर शार्वी आली, एकटी.
अंगात तोच. मुठीत पन्नासची नोट.
काका, माझ्या कॉपीत पहिल्यासारखं करा.
सोपंय, म्हटलं. मूळ खाली तसंच आहे.
लेअरसमोरचा डोळा मिटला.
हिरवा गेला. निळा जागाच होता.
माउस तिनं घेतला.
डोळा उघड, मीट, उघड, मीट.
मग म्हणाली,
आता बाकीच्यांचं निळं करा की.

सगळ्यांचं?
बाईंचं नको. साडी राहू दे.

त्रेचाळीस मास्क, पन्नास रुपये.
मी आळशाची वाट धरली,
सॉफ्टवेअरला सांगितलं, हिरवं दिसेल ते धर.
त्यानं इमानानं धरलं:
स्वेटर, मागचे कडुलिंब,
पाण्याच्या टाकीवरचा शेवाळाचा ओघळ,
आणि दिवाळी होऊनही पुरता न वाळलेला
जरंडेश्वरचा उतार.
पट्टी सरकवली.
सातवी ब निळी झाली. टाकी निळी, झाडं निळी.
ती पहिल्यांदा हसली, दात एक पडलेला.

कडुलिंब परत हिरवे केले, टाकीही.
डोंगरावर ब्रश ठेवला तर म्हणाली,
तो राहू दे. रहिमतपुरातनं तसाच दिसतो,
आत्याच्या गच्चीवरनं.

सवयीनं मी दोन्हीकडं पिपेट टेकवून बघितली,
डोंगर आणि स्वेटर.
आकडे जुळत नव्हते.
जुळवू का, विचारलं.
नको.

प्रिंटर घरघरला, कागद हळूहळू बाहेर सरकला.
आधी डोंगर आला.