चौकट क्रमांक अकरा

अर्जावर नाव लिहिलं : रेइनो कल्लिओ.
जन्मतारीख, वडिलांचं गाव, आईचं माहेरचं आडनाव,
सगळं आपापल्या जागी बसलं.
अकराव्या चौकटीत विचारलं होतं : व्यवसाय.
चौकट दीड इंचाची.
डॉर्टीबाईंनी पेनचं टोपण काढून ठेवलं
आणि गोठलेल्या लेक सुपीरिअरकडे पाहत बसल्या,
आपल्याला काही घाई नाही, असं दाखवत.

वाइनो म्हणाला, बसड्रायव्हर लिहा.
एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत.
खरंच आहे. पहाटे पाचला, उणे तीस असताना,
बाबा इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचे
आणि शाळेची बस जागी होईपर्यंत
तिच्याशी फिनिशमध्ये बोलायचे.
आमच्याशी इंग्रजीत.
शेवटच्या थांब्यावर हॉकानेनांची धाकटी चढायची,
तिला हातमोजे नसायचे.
गिअरच्या दांड्यावर एक लोकरी जोडी
नेहमी लटकलेली असे.
ती कुणाची, हे कधी कुणी विचारलं नाही.

पण त्याआधी जहाज होतं.
सतराव्या वर्षी लोहखनिजाच्या बोटीवर
बटाटे सोलायला चढले,
तीन हंगामांनी आचारी होऊन उतरले.
घरी मात्र कॉफी कधी बेताची जमली नाही.
तीस जणांची करायची सवय, म्हणायचे,
चौघांची करताना हात अडखळतो.

मग विमा.
विमा विकायला दारोदार गेले
आणि दारोदार सांगून आले :
तुमचं घर दगडी आहे, तुम्हाला कशाला हवाय हा खर्च?
सात महिने.

शनिवार-रविवार सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे.
एकदा रिळं उलटसुलट लागली,
शेवट आधी, मधला भाग नंतर.
कुणी ओरडलं नाही. पॉपकॉर्न खाणंसुद्धा थांबवून
लोक पाहत राहिले
नुकताच पुरलेला माणूस
घोड्यावरून सावकाश गावात परत येताना.

एक ना धड, भाराभर चिंध्या,
असं मावशी म्हणाली होती, माझ्या लग्नात, मोठ्यानं.
आई हसली.
चिंध्यांचं काय करायचं असतं हे तिला ठाऊक होतं.
तळघरात तिचा माग होता.
बोटीवरच्या ॲप्रनचे पांढरे पट्टे,
विम्याच्या सुटाची निळी किनार,
मध्येच एक हिरवी रेघ, ती कशाची
हे बाबांनाही आठवायचं नाही.
सौनातून वाफाळत बाहेर आलो
की ओले पाय आम्ही त्याच सतरंजीवर टेकायचो.
बाबा म्हणायचे, जपून, मी आहे खाली.

"आणि तुम्ही काय म्हणता?"
डॉर्टीबाईंनी आईला विचारलं.
आई इतका वेळ पर्सचं बक्कल उघडत-मिटत होती.
"शनिवारचा सौना," ती म्हणाली,
"बेचाळीस वर्षं तेच तापवायचे.
लाकडं कुठली आधी घालायची, कुठली मागून,
ते मी कधी पाहिलंच नाही."

बाईंनी लिहिलं : बसड्रायव्हर.
मग, आम्हाला न विचारता,
खालच्या कडेशी बारीक अक्षरात : इत्यादी.
त्यांचा मुलगा त्याच बसनं जायचा म्हणे.

घरी आलो. बसचं खाकी जाकीट खुंटीवर होतं.
आईनं ते खाली काढलं, खिसे चाचपले :
एक पाना, पुदिन्याच्या दोन गोळ्या,
एक छोटा लाल हातमोजा, एकच.
कात्री तिच्या दुसऱ्या हातात होती.
तिनं जाकीट पुन्हा खुंटीला लावलं,
बाही नीट केली.
"यंदा नको," म्हणाली.

मी कॉफी ठेवली.
फार झाली.