एस्केप, मग के

तार्तू गावात नदीच्या पातळीची नोंद ठेवणारी
आमची तीन खोल्यांची कचेरी.
तळघरात जुना सर्व्हर,
आणि त्याला अजून
मैमू लेपिक बाईंच्या बोटांचं वळण.
त्या निवृत्त होऊन आठवडा झालेला.

पहिल्याच सकाळी सवयीनं एस्केप दाबलं,
ओळ खोडावी म्हणून,
तर पुढचं प्रत्येक अक्षर हुकूम होऊन बसलं.
लिहायला गेलो पातळी,
अर्धी ओळ गडप,
अर्धी भलतीकडेच.

फोन लावला. बाई अंगणात
बर्चच्या रसाला बादली बांधत होत्या.
म्हणाल्या, अरे इंद्रेक, बिघडलेलं नाही ते.
मजकूर लिहायच्या कळा मी आज्ञेच्या ओळीवर आणल्यात,
चौऱ्याण्णव सालापासून.
ओळीला दोन मनं असतात. एक लिहितं, एक नुसतं हिंडतं.
आय म्हणजे लिही. एस्केप म्हणजे हात उचल.

आणि आत्ता कुठल्या मनात आहे, ते कसं कळतं?

कळत नाही. लक्षात ठेवायचं.

मग शिकलो.
बी दाबलं की एक शब्द मागे,
शून्य दाबलं की थेट उगमाशी,
डॉलरला मुखाशी.
एक्स एक अक्षर खातो, डी दोनदा दाबला तर सगळी ओळ,
यू ती परत आणतो,
पण एंटरच्या आधीच, बरं का,
एंटरनंतर कुणी कुणाचं नसतं.

आणि के.
के, के, के,
प्रवाहाच्या उलट.
बाईंच्या हजारो ओळी राखलेल्या:
ग्रेपचं गेर्प, बहुतेक दर सोमवारी,
दोन हजार दहाच्या पुराच्या फायली,
एकच आज्ञा सात वेळा, शेवटच्या वेळी बरोबर.

आणि मध्येच एक,
पुसून टाक, मुळासकट, न विचारता,
पुढे फोल्डरचं नाव: यूलो.
आणि ओळीच्या तोंडाशी हॅश,
चार काड्यांचं कुंपण.

हिंडणाऱ्या मनात हॅश दाबला
तर ओळ इतिहासात जाते
घडल्याशिवाय.
म्हणजे बाईंनी शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिलं होतं,
आणि एंटरजवळचा हात
वरच्या कोपऱ्यात नेला होता.

फोल्डर आहे अजून. उघडलं.
बर्फाच्या नोंदी, तारखा, जाडी,
एके ठिकाणी फक्त:
आज बर्फ वाजतोय, येऊन ऐक.

कोण यूलो, मी विचारलं नाही.
जे, जे, जे करत
रिकाम्या ओळीवर खाली आलो.

संध्याकाळी त्यांचाच फोन. नदी किती?
दोनशे बारा, आणि चढतेय.
लिहिलंस?
लिहितो, म्हणालो,
आणि कुठल्या मनात आहे ते आठवेना,
म्हणून आधी एस्केप दाबलं.