कंपनी कोणती?

हवल्लीत, इब्न खल्दून रस्त्यावरच्या आमच्या गाळ्यात
गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं.
मी म्हणतो, आधी मदरबोर्ड सांगा.
डीडीआर फोर की फाइव्ह, खाचा दोन की चार,
आणि करणार काय, ऑटोकॅड की पोरांचे खेळ?
नाव मग बघू.

काल जेरिको आला, शुवैखच्या गोदीतला वेल्डर,
पगाराचं पाकीट अजून न फोडलेलं.
एका हातात लाल, दिवे लागणारी रॅमची जोडी, एकवीस दिनार.
दुसऱ्या हातात उघडी, हिरवी, चौदाची.
"फरक काय?"

शम्सुद्दीनने डोळ्यांनी खुणावलं: लाल खपव.
मी सांगून बसलो.
चिपा घडवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके,
बाकीचे नुसते बारसं करणारे.
वेग तोच, टायमिंग तेच असेल
तर घड्याळ लावूनही कळणार नाही तुला.
मात्र दोन्ही काड्या सारख्या घे.
एक चपळ, एक संथ लावलीस
तर चपळ मुकाट संथ चालते.
नावाचा उपयोग एवढाच,
बिघडली तर बदलून देतात.

आम्ही बिघडलो तर परत पाठवतात,
हे बोललो नाही.

रात्री दोन्ही जोड्या चाचणीला लावल्या.
शटर अर्धं खाली, फटीतून धूळ आत,
पडद्यावर आकडे चढत राहिले.
चुका शून्य. चुका शून्य.
आधीच्या नोकरीत सर्व्हरच्या खोलीत
मी आणि अजून एक, एकाच टेबलावर,
एकच काम, पाळ्याही त्याच.
त्याचा पासपोर्ट वेगळ्या रंगाचा.
एकदा तो पगाराचा कागद प्रिंटरवर विसरला.
एवढंच.

सकाळी जेरिकोने लालच नेली.
म्हणाला, खोलीत सहाजण झोपतो,
दिवा मालवला की
एवढा तरी उजेड माझ्या नावाचा.
मी दोन दिनार सोडले.
शम्सुद्दीन दुपारपर्यंत बोलला नाही.

मग जैतापूरहून आत्याचा फोन.
स्थळ आलंय, मुलगी बीएड, लोक सालस,
फक्त विचारतायत,
"कंपनी कोणती?"

पाटी अरबीत आहे,
मलाच अजून नीट वाचता येत नाही.
मी हिरवी काडी खाचेत दाबली
दोन्ही टोकांना टक्क होईस्तोवर,
आणि म्हटलं,
आत्या, आवाज तुटतोय गं.