पाचवा उद्गार

फेब्रुवारी संपता संपता पाळकसाहेब चिठ्ठ्या वाटतात,
उत्तम शुक्रवारी कुणी कुठल्या उद्गारावर बोलायचं त्याच्या.
सोळा वर्षं मी पाचवा टाळला.
एकदा दाढ दुखली, एकदा सोलापूरला लग्न निघालं,
एकदा तर सरळ वत्सलाबाईंशी बदलून घेतला,
त्यांचा तिसरा मला, माझी तहान त्यांना.

यंदा चिठ्ठी उघडली नाही.
पर्समध्ये टाकली, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.
बोटांना आधीच कळलं होतं.

बारा ते तीन. खडकीचं एप्रिलचं ऊन
पत्र्यावरून घरंगळत आत येतं.
डावीकडे पुरुष, उजवीकडे आम्ही,
सगळ्यांचा उपास, पाण्याचासुद्धा.
टिपण काढलं होतं मी, शाळेत काढायची तसं,
मुद्दे, उपमुद्दे, शेवटी बोध.
उभी राहिले, आणि तोंडातून आलं ते दुसरंच.

म्हटलं, ससूनमधली कोपऱ्यातली खाट.
माझ्या सासूबाई, राहेलबाई.
रात्रीचे अडीच-तीन. त्यांनी पाणी मागितलं.
मी खाली चटईवर होते. जागी होते.
डोळे मिटून घेतले.
अकरा वर्षं त्यांनी मला वांझ म्हटलं होतं,
मी एकेक वर्ष मोजत पडले
आणि वर त्या पाणी, पाणी,
आधी माझं नाव घेऊन,
मग नाव न घेता.
तांब्या माझ्या उशाशी होता.

पहाटे नर्सने चादर तोंडावरून ओढली.
मातीला आलेले सगळे म्हणाले, सुनेनं फार केलं.

क्रुसाखालच्या शिपायानेसुद्धा स्पंज भिजवला, म्हटलं मी.
मी तर घरची होते.

पुढे काही सुचेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.
पुरुषांच्या बाकावरून रूबेन उठले,
गुडघ्यावर हात देऊन, जसे ते नेहमी उठतात,
आणि दाराकडे चालू लागले.
वाटलं, गेले.
त्यांचीच आई ती.

मग ऐकू आलं माठावरचं झाकण,
ओगराळं आत बुडाल्याचा आवाज.
इतक्या लोकांमधून ते परत आले,
हात थरथरतो त्यांचा, फरशीवर थेंबांची वाट.
घे, म्हणाले.
तीन वाजायला तासभर होता. उपास होता.
मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, ते पायाकडे बघत होते.

प्यायले. तळाच्या गाळासकट.

दर रविवारी पापांगीकार म्हटला मी, सगळ्यांबरोबर,
दर रविवारी मान खाली घालून पापक्षमा ऐकली,
दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावावा तशी.
शेजारणीला दिसायचं, मला धूसर.
सोळा वर्षं ती माझ्या उशाशीच होती,
त्या तांब्यासारखी.
हात काय तो मी लांब केला नव्हता.

येताना रिक्षात आम्ही बोललो नाही.
बोपोडीच्या सिग्नलला ते बाहेर बघत म्हणाले,
तिला रात्री तहान फार.
लहानपणी मलाच उठवायची.
मीपण कधी कधी झोपेचं सोंग घ्यायचो.

हिरवा लागला. मागचे हॉर्न वाजवत सुटले.

दापोडीला घरी येऊन किल्ली काढायला पर्स उघडली
तर आत देवळाचा ग्लास,
घडी न मोडलेल्या चिठ्ठीवर आडवा पडलेला.
बुडाशी कोरलंय, स्त्री मंडळ, १९८४.
कधी टाकला मी, देव जाणे.

रविवारी पहाटेच्या उपासनेला न्यायचा आहे परत.
तोवर ओट्यावर ठेवलाय, भरून,
वर बशी झाकून.
रात्री कुणी मागितलं तर.