डावा बिल्ला

रविवारी सकाळी साडेसातला
विजापूर वेशीपासून जरा आत, बंद सूतगिरणीच्या भिंतीला धरून
इस्माईल नालबंद चादर अंथरतो.
चादर सोलापुरीच, पण सेकंड,
मधोमध एक धागा चुकला म्हणून कारखान्यानं टाकून दिलेली.
त्या चुकीवरच तो नेमका कार्बोरेटर ठेवतो.

पूर्वी भिंत संपायची तिथवर चादरी असायच्या.
बेचाळीस मोजल्या होत्या मी एकदा.
बार्शीचे, अक्कलकोटचे,
गुलबर्ग्याहून रात्रीच्या पॅसेंजरनं पोतं घेऊन येणारा तो बुटका,
हिशेब तीन भाषांत, शिव्या चौथ्या.
पैसे खिशातून क्वचित निघायचे.
लॅम्ब्रेटाच्या किकला राजदूतचा हेडलाइट,
वर दोन स्पोक आणि एक कट चहा.
कुणाच्या घरी काय गंजत पडलंय
हे बाजाराला त्याच्या बायकोआधी कळायचं.

आता भिंतीवर क्लासची जाहिरात.
चादरी तीन. तिसरी मोबाइलच्या कव्हरांची.

अंबादास येमूलनं लॅम्ब्रेटा वजनावर दिली,
आदल्या आठवड्यात त्याचे माग गेले त्याच टेम्पोतून.
म्हणाला, “काट्याला काय कळतंय बे,
धोटा कुठला आन् पिस्टन कुठला.”
हत्तुरेअण्णांची विलीज हायवेवरच्या हॉटेलापुढं उभी आहे,
बॉनेटमध्ये माती भरून शोभेची झाडं लावलीत.
अण्णा तिथं जेवत नाहीत.
एकदा गेले होते म्हणे. झाडांना पाणी घालून आले.

आणि सव्वीस जानेवारीची जुन्या गाड्यांची फेरी
यंदा पार्क चौकातून निघाली ती पाच गाड्यांची,
त्यातल्या दोन ढकलत.
एका ढोलवाल्यानं विचारलं, नवरदेव कुठाय?

मी अकरा वर्षं इथं एकच वस्तू मागतोय.
एकाहत्तरची जावा. टाकीचा डावा बिल्ला.
उजवा आहे. डावीकडे नुसती दोन भोकं,
मुंग्या राहून गेल्या त्यांत.
गाडी त्याच्यावाचूनही चालते,
फक्त डाव्या बाजूनं मला कुणी ओळखत नाही.

“आला का डावा?”
“अगल्या इतवारी बघू.”
मग तो एखादा जुना प्लग उचलतो,
अंगठ्यानं टोक पुसतो
आणि काजळीवरून सांगतो,
मालक ऑइल कमी घालायचा की जास्त,
चढाला घाई करायचा की नाही.
त्याचा आजा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा.
खुराच्या झिजेवरून टांगेवाल्याचा स्वभाव ओळखायचा.

खरं सांगतो.
बिल्ला मला मिळालाय. तीन वर्षं झाली,
मिरजेच्या एका डॉक्टरच्या गॅरेजात.
लावला नाही. कपाटात आहे, शर्टांच्या खाली.
तरी दर रविवारी येतो, विचारतो,
कारण विचारणारे उरलो दोघं-तिघं
आणि कुणी विचारलंच नाही
तर हा माणूस चादर कशाला अंथरेल?

गेल्या रविवारी वारा सुटला.
चादरीचं टोक उडालं, पोतं कलंडलं,
वॉशर, नट, एक आंधळा मीटर रस्त्यावर घरंगळले.
मी गोळा करायला वाकलो.
पोत्याच्या तळाशी एक पुडी, चादरीच्या चिंधीत बांधलेली,
गाठ सैल झालेली.
आत क्रोमवर ऊन पडलं.
डावा.
चिंधीचा रंग पार उडालेला,
म्हणजे माझ्या मिरजेच्याही आधीपासूनचा.

मी पाहिलं. मी पाहताना त्यानं पाहिलं.
त्यानं गाठ मारली, घाई न करता,
पुडी परत तळाशी घातली, वरून नट ओतले.
विजेवरची एक रिक्षा आवाज न करता गेली.
आम्ही दोघंही उगाच तिच्याकडे बघत राहिलो.

“मग,” मी म्हणालो, “आला का डावा?”
“गुलबर्ग्यावाल्याला सांगून ठेवलंय,” तो म्हणाला.

गुलबर्ग्याचा बुटका
येत नाही त्याला चार वर्षं झाली.
मी दोन कट सांगितले.